विहीणबाई इटालियन आहेत! घरच्या माणसांची ओळख करून द्यायला मदत हवी

मागावरची_काकू (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी इथे वाचनमात्र असते, पण आता गरजच पडली. राहणार इचलकरंजी, वय ६२, बँकेतून निवृत्त. सासरी यंत्रमाग होते, म्हणून हे नाव. मुलगी शिकायला मिलानला गेली, तिथेच नोकरी लागली आणि तिथल्याच मुलाशी लग्न ठरलं. मुलगा फ्लोरेन्सजवळच्या प्रातोचा. प्रातो म्हणजे तिकडची इचलकरंजीच. जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यांचं पुन्हा कापड करण्यात त्या गावाची हयात गेली. आमचे हे आणि व्याही व्हिडिओ कॉलवर भाषेवाचूनच रमतात. एकमेकांना शर्टाची कॉलर कॅमेऱ्याजवळ नेऊन वीण दाखवत बसतात. माझं तसं भागत नाही. मला बोलायचंय.

जानेवारीत मुलाचे आईवडील, आजी आणि धाकटी बहीण साखरपुड्याला येणार आहेत. मुलाचं इंग्रजी उत्तम, बाकीच्यांचं 'हॅलो'पुरतं. म्हणून चार महिने ऑनलाइन वर्गात शिकतेय. परवा 'ला मीआ फामील्या', म्हणजे 'माझं कुटुंब', यावर दहा ओळी लिहायच्या होत्या. माझे वडील शिक्षक होते, हे मी मोठ्या ऐटीत वाचलं: 'ई मिएई पाद्री एरानो इन्सेन्यान्ती.' बाई दोन सेकंद गप्प. मग म्हणाल्या, "काकू, किती वडील होते तुम्हाला?" वर्गातली पोरं म्यूट काढून हसली.

तेव्हा मला सांगा. 'माझा', 'माझी'च्या आधी ते 'ईल' आणि 'ला' कधी लावायचं, कधी नाही? काका आणि मामा वेगळे कसे सांगायचे? आमच्याकडे त्या दिवशी मोठ्या जाऊबाई, दोन नणंदा, दीर आणि माझा धाकटा भाऊ असे सगळे असणार. आणि मुख्य म्हणजे विहीणबाईंना हाक काय मारायची? तिकडे विहिणीला शब्द तरी आहे का? इंग्रजीत तर नाहीच.

पोळीभाजी

अभिनंदन काकू! पेढे कुठायत?

तोरिनोतला_तात्या

काकू, मनापासून अभिनंदन. अकरा वर्षं इथे आहे, त्यामुळे तुमच्या सगळ्या चुका मी आधीच करून ठेवल्यात.

आधी त्या वडिलांचं बघू. आपण आदरानं 'माझे वडील होते' म्हणतो, म्हणजे वडील एकच पण क्रियापद अनेकवचनी. इटालियनला ही आदराची रीत ठाऊक नाही. बाप कितीही थोर असो, 'मीओ पाद्रे एरा इन्सेन्यान्ते', सरळ एकवचन. तुम्ही केलं ते 'पाद्रे'चं अनेकवचन 'पाद्री', आणि तोच शब्द धर्मगुरूंनाही चालतो. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणलेला 'पाद्री' याच घरातला. म्हणजे बाईंना ऐकू आलं की तुम्हाला अनेक वडील आणि ते सगळे चर्चमध्ये शिकवायला. आजोबांचंही तसंच. 'आजोबा आले' हे 'ईल नोन्नो ए आर्रिवातो', एकट्यानं आले. मी पहिल्या वर्षी साहेबांना सांगितलं होतं की माझे बाबा भेटायला येताहेत, आणि साहेबांनी विचारलं की दोघं एकाच खोलीत राहतील का.

आता आर्टिकल, म्हणजे तुमचं ते 'ईल' आणि 'ला'. आपल्याकडे ही भानगडच नाही, त्यामुळे इथे पाठ करण्याला पर्याय नाही. इटालियनमध्ये 'माझं पुस्तक' म्हणतानाही पुढे 'ईल' लागतं: ईल मीओ लीब्रो. फक्त घरचं एकच माणूस असेल आणि त्याला कुठलंही शेपूट लावलेलं नसेल, तर ते गळतं. मीओ फ्रातेल्लो, मीआ सोरेल्ला, मीआ मोल्ये, मीओ मारीतो: माझा भाऊ, माझी बहीण, माझी बायको, माझा नवरा. माणसं दोन झाली की परत आलं: ई मिएई फ्रातेल्ली, ले मीए सोरेल्ले. लाडानं छोटं केलं तरी आलं: ईल मीओ फ्रातेल्लीनो, ला मीआ सोरेल्लीना. 'माझी लाडकी बहीण' म्हणालात तरी आलं. आणि 'त्यांचा' या अर्थी 'लोरो' असेल तर ते कधीच गळत नाही: ईल लोरो पाद्रे. 'मम्मा' आणि 'पापा'च्या बाबतीत पुस्तकं 'ला मीआ मम्मा' म्हणायला सांगतात, पण आमच्याकडे उत्तरेला 'मीआ मम्मा'ही सर्रास ऐकू येतं. त्यावर डोकं शिणवू नका.

तुमच्या कामाची एक गंमत सांगतो. तुमची मुलगी आत्ता त्या मुलाची ओळख 'ईल मीओ फिदान्त्सातो', म्हणजे माझा होणारा नवरा, अशी करून देत असेल, आर्टिकलसकट. लग्न लागलं की तो 'मीओ मारीतो'. अक्षता पडतात आणि 'ईल' गळतं.

व्याकरणवेडी

तात्यांनी चांगलं लिहिलंय, पण आपल्या बाजूनं काय आहे तेही सांगते, कारण काकूंचा धीर खचायला नको.

इंग्रजीवरून येणाऱ्यांना इथे घाम फुटतो, आपल्याला नाही. माझा भाऊ, माझी बहीण, माझे भाऊ, माझ्या बहिणी: मीओ, मीआ, मिएई, मीए. चाराला चार. 'माझा'चं रूप बोलणाऱ्यावर नाही तर ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्यावर ठरतं, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालंय.

फसवतो तो 'सूओ'. आपण 'त्याची आई' आणि 'तिची आई' वेगळं ठेवतो. इटालियनला आई बाई आहे एवढंच पुरतं, ती कुणाची हे तिला विचारायचं नसतं. 'सूआ माद्रे' म्हणजे त्याची आई, तिची आई आणि मान देऊन बोलत असाल तर 'आपल्या मातोश्री'सुद्धा. तेव्हा तुमचा जावई आणि मुलगी शेजारी बसलेले असताना 'सूआ माद्रे' म्हणालात तर तुम्ही आणि विहीणबाई दोघीही वळून बघाल. तिथे सरळ नाव घ्या: 'ला माद्रे दी' आणि पुढे नाव.

दुसरं, आपण म्हणतो 'मला दोन भाऊ आहेत'. शब्दाला शब्द लावून 'मला'पासून सुरुवात करू नका. इटालियन माणूस भाऊ बाळगून असतो: 'ओ दूए फ्रातेल्ली'. लिहिताना त्या 'ओ'आधी एक ह असतो, पण तो दाराबाहेरच्या चपलेसारखा, आत येत नाही. आणि 'आम्ही घरात सहाजण' याला सुरेख रचना आहे, 'स्यामो इन सेई'. हे वाक्य पहिल्याच दिवशी वापरा, एकदम तिथल्यासारखं वाटतं.

मिलानची_आई

काकू, आर्टिकल चुकलं तर कुणी काही म्हणत नाही. आपली नाती मात्र जपून उच्चारा, हा माझा कळकळीचा सल्ला.

माझा मुलगा तीन वर्षांचा असताना इथल्या बालवाडीत जायला लागला. घरी मराठीच बोलतो. एकदा धाकटे दीर जर्मनीहून आले होते, ते नवऱ्याबरोबर त्याला आणायला गेले. पोरानं काचेतून पाहिलं आणि आनंदानं ओरडायला लागला, "काका! काका!" बाईंनी क्षणाचाही विलंब न लावता त्याला उचललं आणि संडासात नेऊन बसवलं. पोरगं दाराकडे हात करून रडतंय, बाई म्हणताहेत शाब्बास, शाब्बास, घाई नाही. इटालियन बालभाषेत 'काक्का' म्हणजे शी. क जोडाक्षर आहे, पण तीन वर्षांच्या पोराच्या तोंडून ते जोडाक्षर की साधं, हे कोण ठरवणार?

'मामा'चंही तेच. 'मम्मा' म्हणजे आई हे तुम्हाला माहीतच आहे. माझा भाऊ फोनवर असला की मुलगा "मामाशी बोलायचंय" म्हणतो आणि बाजूच्या इटालियन शेजारीण माझ्याकडे बघतात की अगं, तू इथेच तर आहेस. 'नाना' म्हणजे बुटकी बाई. माझे सासरे सहा फूट आणि त्यांना सगळं गाव नाना म्हणतं. 'बाबा' म्हटलं की नेपल्सकडचा रममध्ये बुडवलेला केक आठवतो, तो मात्र चांगला लागतो.

रिकामटेकडा

म्हणजे इटालियन पर्यटकांना शनिवारवाडा दाखवताना १७७३ सालची ती आरोळी मूळ मराठीत सांगायची नाही. 'त्सीओ, साल्वामी!' असं भाषांतर करून टाकायचं.

मिलानची_आई

@रिकामटेकडा, तुमच्यामुळे चहा सांडला.

पण काकू, यावरून आठवलं. लग्नात मुलीला मामा बोहल्यापाशी आणतो हे कुणीतरी पाहुण्यांना उत्साहानं समजावून सांगणारच. 'मामा आणणार' एवढंच कानावर पडलं तर विहीणबाई तयार होऊन उभ्या राहतील. 'लो त्सीओ मातेर्नो' म्हणा, आईकडचा काका. काका असेल तर 'पातेर्नो'. रोजच्या बोलण्यात कुणी एवढं फोडून सांगत नाही, दोघंही 'त्सीओ'च. मावशी, आत्या, काकू, मामी सगळ्या 'त्सीआ'.

मध्यमपदलोपी

या धाग्यावर थोडं मागे जायचा मोह आवरत नाही. अवांतर वाटलं तर पुढे सरका.

इटालियनमध्ये काका-मामा एक झाले हे खरं, पण तिची आई लॅटिन आपल्यासारखीच चोखंदळ होती. वडिलांचा भाऊ पात्रुउस, आईचा भाऊ आवुन्कुलुस, वडिलांची बहीण आमिता, आईची बहीण मातेर्तेरा. म्हणजे काका, मामा, आत्या, मावशी, चारही खण भरलेले. मातेर्तेरात 'मातेर' दिसतंय, तसं आपल्या मावशीच्या मुळाशी 'मातृष्वसा' आहे. पुढे ग्रीकमधून आलेला एकच शब्द सगळ्यांवर बसला आणि त्याचा 'त्सीओ', 'त्सीआ' झाला. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजमधून आलेला जो 'तियू' ऐकू येतो, तो याचाच चुलतभाऊ. आवुन्कुलुस मात्र फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला आणि 'अंकल' झाला. तेव्हा शेजारच्या काकांना आपण अंकल म्हणतो ते मुळात त्यांना मामा बनवणं आहे.

काकूंच्या जाऊबाई आणि नणंदांसाठी इटालियनमध्ये एकच शब्द, 'कोन्याता'. दीर, मेहुणा, भावोजी सगळे 'कोन्यातो'. पण लॅटिनमध्ये दिराला 'लेविर' होता. संस्कृतात 'देवृ', त्यावरून आपला 'दीर'. नणंदेला 'ग्लोस' असा वेगळा शब्द होता. आणि जावांना, भावाभावांच्या बायकांना, 'यानित्रिकेस'. संस्कृतात 'यातृ', त्यावरून आपली 'जाऊ'. एकाच मुळाच्या या जोड्या, त्यातल्या तिकडच्या संपल्या आणि आपल्याकडच्या अजून स्वयंपाकघरात भांडताहेत.

जे उरलं त्यातलं एक खास आहे. सुनेला इटालियनमध्ये 'न्वोरा' म्हणतात. ऐकायला नवरा, पण आहे सून, आणि नात्यानंही सूनच: लॅटिन 'नुरुस', संस्कृत 'स्नुषा', मराठी 'सून'. सासू म्हणजे 'स्वोचेरा', तीही 'श्वश्रू'ची नातलग. बहीणभावाचं मात्र गमतीदार झालं. लॅटिन 'फ्रातेर' आणि 'सोरोर' यांच्यापासून आलेले 'फ्राते' आणि 'स्वोरा' हे शब्द मठातल्या बंधू-भगिनींनी नेले. घरच्यांना उरली लाडाची रूपं. फ्रातेल्लो म्हणजे मुळात 'भावड्या'.

पोळीभाजी

वाचनखूण साठवली. जाऊ आणि लॅटिन एका वाक्यात बघेन असं वाटलं नव्हतं.

रांजणगाव_पाळी_दुसरी

काकूंचा उत्साह मान्य, पण एवढा अभ्यास कशाला? फोन आहे ना. मराठीत बोला, तो इटालियनमध्ये बोलतो.

शिक्रापूरची_सई

@रांजणगाव_पाळी_दुसरी, फोनची कथा ऐका. आमच्या कारखान्यात इटालियन तंत्रज्ञ महिनाभर होते. गणपतीत त्यांना घरी जेवायला बोलावलं. मी फोन पुढे धरला आणि म्हटलं, "ही माझी जाऊ." फोन ठणठणीत आवाजात म्हणाला, "आंद्यामो!" म्हणजे चला, जाऊ या. पाहुणे नुकतेच पाटावर टेकले होते, ते बिचारे उठून बूट शोधायला लागले. जाऊबाईंचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. त्या अजून मला 'आंद्यामो' म्हणतात.

काकू, तुम्ही 'मीआ कोन्याता' म्हणा आणि पुढे नाव घ्या. कुणी नेमकं विचारलंच तर नणंद म्हणजे 'ला सोरेल्ला दी मीओ मारीतो', आणि जाऊबाई थोड्या लांब: 'ला मोल्ये देल फ्रातेल्लो दी मीओ मारीतो'. हे एका दमात म्हणता आलं तर परीक्षा पास.

तोरिनोतला_तात्या

उच्चारांवर थोडं लिहितो, कारण नात्यांच्या शब्दांत घसरायच्या जागा फार.

'कुजीना' म्हणजे चुलत, मामे, आते, मावस, कसलीही बहीण. 'कुचीना' म्हणजे स्वयंपाकघर. मी एकदा सांगितलं होतं की सुट्टीत माझी तीन स्वयंपाकघरं येणार आहेत. 'नोन्नो' आजोबा, पण एक न खाल्लात तर 'नोनो', म्हणजे नववा. 'पापा'त शेवटच्या 'पा'वर जोर दिला तर बाबा, पहिल्यावर दिला तर रोममधले पोप. जोडाक्षरावर थांबायची सवय आपल्याला आहे. 'पता' आणि 'पत्ता' आपण कधी गोंधळत नाही, तसंच हे.

'त्सीओ'चा पहिला आवाज म्हणजे आपल्या 'चमचा'तला च. उत्तरेकडे तोच 'जहाज'मधल्या ज सारखा होतो. हिंदीवाल्यांना हे आवाज नव्यानं शिकावे लागतात, आपल्याला फुकट. अडचण एवढीच की मराठीत या च पुढे ई आली की जीभ आपोआप 'चिंच'कडे वळते. ती वळू द्यायची नाही. 'चमचा' म्हणायला तोंड उघडा आणि ऐनवेळी ईकडे जा.

'फील्या', 'मोल्ये', 'फामील्या' यांतला ल्य जीभ टाळूला पसरून लावा, 'कल्याण'पेक्षा थोडा मऊ. 'मारीतो'चा अर्थ मी आईला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "नवऱ्याला मारितो म्हणतात? लपवत तरी नाहीत."

मागावरची_काकू

सगळ्यांचे आभार! जाऊबाईंना धागा वाचून दाखवला. लॅटिनमध्ये आपल्याला शब्द होता, हे ऐकून त्या दिवसभर खुशीत आहेत.

सुधारून लिहिलंय, बघा: 'मी क्यामो' आणि माझं नाव. 'सोनो ला माद्रे देल्ला स्पोझा.' मी नवरीची आई. 'ओ ऊना फील्या ए उन फील्यो.' मला एक मुलगी, एक मुलगा. 'क्वेस्तो ए मीओ मारीतो.' हे माझे यजमान. 'क्वेस्तो ए मीओ फ्रातेल्लो, लो त्सीओ मातेर्नो देल्ला स्पोझा.' 'क्वेस्ते सोनो ले मीए कोन्याते.' या माझ्या जावा-नणंदा, सगळ्या एका झटक्यात, कारण त्यांच्यात मानपान नको.

अडलंय ते दोन ठिकाणी. नातवंड आणि पुतण्या-भाचा यांना एकच शब्द आहे का? आणि जावई त्याच्या वडिलांना 'बाब्बो' म्हणतो, आमच्या बाईंनी तर 'पापा' शिकवलं. अजून एक: व्याही आणि विहीणबाईंची आडनावं वेगळी दिसली. शेजारणीनं हळूच विचारलं, "सगळं ठीक आहे ना त्यांचं?"

व्याकरणवेडी

शेजारणीला सांगा, तिकडे लग्नानंतरही बायका आपलंच आडनाव लावतात. सगळं ठीक आहे.

'बाब्बो' हा तोस्कानाचा, म्हणजे प्रातोच्या बाजूचा शब्द. सार्दिनियातही चालतो. बाकी बहुतेक ठिकाणी 'पापा', पण सांताक्लॉज मात्र सगळ्या इटलीचा 'बाब्बो नाताले'. जावयापुढे 'बाब्बो' म्हणा, तो तुमच्या प्रेमात पडेल.

एक ओळ मात्र सुधारायला हवी. साखरपुड्याला 'स्पोझा' घाईचं होईल, अजून नवरी व्हायची आहे. 'सोनो ला माद्रे दी' आणि मुलीचं नाव, इतकं पुरे. मामाच्या ओळीतही तेच.

मध्यमपदलोपी

हो, 'नीपोते' एकच. नातू, नात, पुतण्या, पुतणी, भाचा, भाची. पुरुष असेल तर 'ईल', बाई असेल तर 'ला', शब्द तोच. संस्कृतातला 'नपात्' याचा भाऊ.

या गोंधळाला इतिहास आहे. जुने पोप आपल्या नीपोतेंना कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्मगुरू करायचे, त्यावरून 'नेपोतिझ्मो' आणि पुढे इंग्रजी 'नेपोटिझम' आला. १५३४ साली पोप झालेल्या पॉल तिसऱ्यानं त्याच वर्षी दोन नीपोतेंना कार्डिनल केलं, एक १४ वर्षांचा, दुसरा १६ चा. आणि ते पुतणे नव्हते, सख्खे नातू होते. नेपल्सच्या कापोदिमोन्ते संग्रहालयात चित्रकार तित्सियानोनं काढलेलं त्याचं चित्र आहे. वाकलेला म्हातारा खुर्चीत, एका बाजूला कार्डिनल नातू, दुसऱ्या बाजूला दुसरा नातू कमरेत झुकलेला, आणि तिघांपैकी कुणाचाच कुणावर विश्वास नाही. इटालियन नावात फक्त 'नीपोती' लिहिलेलं असतं, पुतणे समजा नाहीतर नातू. १६९२ मध्ये पोप इनोसंट बाराव्यानं फर्मान काढून या प्रकाराला आळा घातला.

रिकामटेकडा

काका-पुतण्यांबद्दल मराठी माणसाला कुणी काही शिकवू नये, एवढं बोलून मी खाली बसतो.

बोलोन्यातली_बाकी

एक धोक्याचा शब्द राहिला. 'पारेंती' म्हणजे आईवडील नव्हेत! इंग्रजी डोक्यात असलं की हमखास घोळ होतो. 'पारेंती' म्हणजे सगळे नातेवाईक, आईवडील म्हणजे 'जेनितोरी'. मी एका सरकारी खिडकीवर जाऊन विचारलं होतं की माझ्या पारेंतींना इकडे राहायला आणायचंय, काय करावं लागेल. बाईंनी चष्म्यावरून बघून विचारलं, "सगळ्या?" कुटुंबाला बोलावून घ्यायची सोय आहे, 'रिकोन्जुंजिमेन्तो फामील्यारे' म्हणतात, पण ती जोडीदार, अल्पवयीन मुलं आणि काही अटींवर आईवडिलांसाठी. मावसबहिणींसाठी नाही. 'स्तातो दी फामील्या' हा नगरपालिकेचा दाखलाही नावावरून वाटतो तसा नाही. त्यात रक्ताचे सगळे येत नाहीत, एका घरात राहणारी माणसं येतात. आपल्या रेशनकार्डाची आठवण येते.

बोलताना आईवडिलांना नुसतं 'ई मिएई' म्हणतात, 'माझे'. पुढे शब्दच नाही. म्हणच आहे: 'नाताले कोन ई तुओई, पास्क्वा कोन की वुओई'. नाताळ तुझ्या माणसांबरोबर, ईस्टर हव्या त्याच्याबरोबर. काकू, जानेवारीत येताहेत ना? नाताळ घरी करूनच येताहेत, बघा.

तोरिनोतला_तात्या

काकूंचा मुख्य प्रश्न सगळ्यांनीच बाजूला ठेवला. विहिणीला शब्द आहे! 'कोन्स्वोचेरा'. स्वोचेरा म्हणजे सासू, कोन म्हणजे सह. सह-सासू. व्याही 'कोन्स्वोचेरो', दोघं मिळून 'ई कोन्स्वोचेरी'. इंग्रजांना हे नातं दिसलंच नाही, इटालियनांना दिसलं.

हाक मात्र नावानंच मारतात. सुरुवातीला 'लेई' म्हणा, आपलं 'तुम्ही'. (या 'लेई'चा मूळ अर्थ 'ती'. पुरुषालाही मान द्यायचा तर 'ती' म्हणायचं.) थोड्या वेळानं त्या 'द्यामोची देल तू' म्हणतील, चला, अरे-तुरे करू या. तुम्ही वयानं मोठ्या असाल तर तुम्हीच म्हटलेलं बरं. आजींना मात्र 'लेई'च, त्या सोडा म्हणेपर्यंत.

मागावरची_काकू

धागा वर काढतेय. पाहुणे येऊन गेले!

विमानतळावर पाठ केलेलं सगळं विसरले. घरी आल्यावर आठवलं. भावाला पुढे करून 'लो त्सीओ मातेर्नो' म्हटलं, ते बरोबर पोचलं. जाऊबाईंचं लांबलचक वाक्य एका दमात म्हटलं, टाळ्या पडल्या. दिरांना मात्र आमची नात "काका, काका" करत बिलगली आणि आजींनी तत्परतेनं न्हाणीघराचं दार उघडून दिलं. मिलानची_आई, तुमची आठवण काढली.

आजींना २ ऑक्टोबर म्हणजे गांधी जयंती सांगितलं, तर त्या म्हणाल्या, आमच्याकडे तो आजी-आजोबांचा दिवस, २००५ पासून कायद्यानं. मग दोघींनी मिळून आपापल्या नातवंडांचे फोटो पाहिले. तिथे भाषा लागली नाही.

आणि तो शब्द. चार महिने घोकलेला. साखरपुड्याला विहीणबाईंनी माझा हात धरून त्यांच्या सासूबाईंना काहीतरी सांगितलं, ते मला ऐकू आलं, 'ला मी होन्स्वोचेरा'. मला काही कळेना. होन्स्वोचेरा कोण? मी जावयाकडे बघितलं. तो हसून म्हणाला, आमच्या प्रातोत दोन स्वरांमधल्या क चा ह होतो, घराला 'ला कासा' म्हणायच्या ऐवजी 'ला हासा' म्हणतात. तुम्हालाच म्हणतेय ती, तुम्ही तिच्या कोन्स्वोचेरा.

मग मी त्यांना आपला शब्द शिकवला. इतर इटालियनांना ह जड जातो असं ऐकलं होतं. यांनी 'विहीण' असा म्हटला, ह सकट, की जाऊबाई म्हणाल्या, ही बाई कोल्हापूरची नाही कशावरून?